शोधखिडकीत 'तूर सोडून' लिहिलं तर झाड कसं बांधायचं?

वावरातला_कोडर (सोमवार, रात्री ११:४०)

राम राम मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहितोय. दिवसा वावर, रात्री कोड. आमच्या भागातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीची बाजारभावाची साइट सांभाळायला घेतली आहे. पायथन भाषा, जँगो फ्रेमवर्क, पोस्टग्रेस डेटाबेस. टेबल साधं आहे: तारीख, बाजार समिती, जिल्हा, पीक, वाण, आवक, किमान-कमाल-सर्वसाधारण दर. वर एकच शोधखिडकी. आधीच्या माणसाने खिडकीत आलेला मजकूर स्पेसवर तोडून प्रत्येक तुकड्याला 'आणि' लावून ठेवला होता, आणि नंतर तो फोन उचलेनासा झाला.

मी लॉग, म्हणजे कोणी काय शोधलं त्याची नोंद, उघडून पाहिला. लोक असं शोधतात:

सोयाबीन वाशीम
कापूस आणि तूर
सोयाबीन तूर सोडून
(अकोला किंवा वाशीम) हरभरा
जेएस-३३५ कारंजा
तूर आणि हरभरा सोडून यवतमाळ

पहिली ओळ सोडली तर बाकी सगळ्यांना 'काहीही सापडले नाही'. आता 'आणि' हा शब्दच पिकाच्या कॉलममध्ये शोधला जातो म्हटल्यावर काय सापडणार?

कुठंतरी वाचलं की शोधवाक्याचं आधी एक्स्प्रेशन ट्री, म्हणजे कोण कोणाला कसं जोडलंय ते फांद्यांनी दाखवणारं झाड, करायचं आणि मग त्यावरून क्वेरी बनवायची. झाड म्हणजे काय ते समजते. वाक्यातून झाडापर्यंत जायचं कसं, तिथं गाडी अडली आहे. रेजेक्सने (मजकुरातले नमुने शोधायच्या चिन्हसूत्राने) भागेल का? का तयार लायब्ररी टाकू?

---

झुणका_भाकर

तूर सोडून? यंदाही मर रोग आला वाटते.

---

खामगावचा_डीबी

भाऊ, पोस्टग्रेस आहे ना? मग चाक पुन्हा कायले घडवता. आवृत्ती ११ पासून, म्हणजे २०१८ पासून, त्यात वेबसर्च_टू_टीएसक्वेरी नावाचं फंक्शन आहे. लोक गूगलमध्ये लिहितात तसं वाक्य द्या, आत झाड तेच बांधते. वाक्य कितीही वेडंवाकडं असलं तरी एरर देत नाही. दोन ओळींचं काम.

---

वावरातला_कोडर

डीबी भाऊ, ते लावून पाहिलं. पण त्याला 'किंवा' कळत नाही, इंग्रजी 'ऑर' लागतो. नकाराला वजा चिन्ह लागतं. आमच्याकडे वजा चिन्ह कोणी लिहीत नाही, आणि लिहिलं तर ते जेएस-३३५ मध्ये. म्हणजे वजाला सरसकट नकार मानलं, तर सोयाबीनचं वाण मागितलं की अर्थ निघेल 'जेएस दाखव, ३३५ नको'.

---

सिंटॅक्स_शास्त्री

मूळचा नागपूरचा, आता पुण्यात. हेच काम करून पोट भरतो, त्यामुळे जरा लांबण लावतो.

रेजेक्सचं आधी मिटवू. कंसात कंस कितीही खोल जाऊ शकतात, आणि शास्त्रातली रेग्युलर एक्स्प्रेशन उघडलेले कंस मोजू शकत नाही. रेजेक्स वापरा, पण फक्त तुकडे पाडायला. काम तीन टप्प्यांचं आहे. पहिला: अक्षरांचे तुकडे, म्हणजे टोकन. शब्द, किंवा, आणि, उघडा कंस, बंद कंस. दुसरा: टोकनांचं झाड. तिसरा: झाड चालत जाऊन डेटाबेसची अट तयार करणं. जँगोत क्यू ऑब्जेक्ट, म्हणजे अटींचे तयार ठोकळे, आहेतच, ते 'आणि', 'किंवा', 'नाही' यांनी जोडता येतात, म्हणजे तिसरा टप्पा दहा ओळींत उरकतो. हे तीन एकमेकांत मिसळले की पुढे रडायचं.

'(अकोला किंवा वाशीम) हरभरा' याचं झाड:

आणि
├ किंवा
│ ├ अकोला
│ └ वाशीम
└ हरभरा

बघा, झाडात कंस उरलेच नाहीत. कंस सांगत होते कोण कोणाच्या पोटात ते, आणि ते आता फांद्याच सांगतात.

दुसऱ्या टप्प्यासाठी रिकर्सिव्ह डिसेंट शिका. व्याकरणाच्या प्रत्येक नियमाला एक फंक्शन. 'किंवा'चं फंक्शन 'आणि'च्या फंक्शनला बोलावतं, ते 'नाही'च्या, ते एकट्या शब्दाच्या. कंस दिसला की पुन्हा सगळ्यात वरच्याला. क्रम ठरलेला: नाही सगळ्यात घट्ट, मग आणि, मग किंवा. जगभर हेच चालतं.

---

निशाचर

वाचतोय. वाचनखूण साठवली.

---

बडनेरा_जंक्शन

शास्त्रीबुवांनी चांगलं सांगतलं, पण त्यात आमच्या यार्डाचं नाव नाई आलं म्हून लिहितो. मी रेल्वेतून निवृत्त. शंटिंगमधे, म्हणजे डबे या रुळावरून त्या रुळावर लावण्यात, उभी जिंदगी गेली. पोरगं कॉम्प्युटरचं शिकत होतं तवा त्याच्या वहीत 'शंटिंग यार्ड अल्गोरिदम' वाचलं अन् मले वाटलं पोरगं बापाची मजाक करून राह्यलं. तसं नव्हतं. डाइकस्ट्रा नावाच्या डच माणसानं १९६१ साली मांडलेली पद्धत हाय.

आता यार्डाच्या भाषेत पाहा. एका रुळावरून डबे येऊन राह्यले: अकोला, किंवा, वाशीम. समोर निघायचा रूळ, मधात एक आडवी सायडिंग. शब्दाचा डबा आला, सरळ पुढं जाऊ द्या. 'आणि', 'किंवा' असा डबा आला, त्याले सायडिंगमधे घाला. पण घालायच्या आधी पाहा, तिथं तोंडाशी उभा असलेला डबा याच्यापेक्षा वजनदार हाय काय? असंल तर त्याले आधी बाहेर काढा. उघडा कंस म्हणजे सायडिंगमधला स्टॉपर, त्याच्या मागचे डबे हलत नाईत. बंद कंस आला की स्टॉपरपर्यंतचे सारे डबे बाहेर. सायडिंगचं एक तोंड बंद असते, म्हून शेवटी गेलेला डबा आधी निघते. तुमी लोक त्याले स्टॅक म्हणता.

पुढच्या रुळावर जी गाडी लागते ती अशी: अकोला वाशीम किंवा. म्हणजे क्रिया मागून. झाड पाह्यजे असंल तर 'किंवा' बाहेर येते तवा मागचे दोन डबे त्याले जोडून एक करा, बस.

---

झुणका_भाकर

काका, तुमच्या पोरापेक्षा तुमालेच डिग्री द्यायले पाह्यजे होती.

---

सिंटॅक्स_शास्त्री

काका, साष्टांग. क्रिया मागून लिहायच्या या पद्धतीला उलटी पोलिश म्हणतात. सुलटी, क्रिया आधी लिहायची पद्धत, पोलंडच्या लुकासिएविच यांनी १९२४ मध्ये काढली, त्यावरून नाव.

---

चिखलीच्या_बाई

मी प्राथमिक शाळेत शिकवते, कोडिंगचा गंध नाही. पण हा धागा वाचून राहवेना. शास्त्रींचा क्रम म्हणजे आमचं कंचेभागुबेव. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. मुलं चालीवर म्हणतात.

माझा प्रश्न वेगळा आहे. तुमचं 'नाही' शब्दाच्या आधी येतं असं गृहीत धरलंय. मराठीत ते मागून येतं. शिवाय, खेरीज, वाचून ही व्यतिरेकवाचक शब्दयोगी अव्ययं नामाला मागून चिकटतात. 'सोडून', 'वगळून'सुद्धा मागूनच. 'सोडून तूर' कोणी म्हणत नाही. 'तूर नको' म्हणतो, 'नको तूर' रुसल्यावर म्हणतो. म्हणजे काकांनी सांगितलेली ती उलटी पोलिश आपण जन्मापासून बोलतोय की.

आणि दुसरं. 'तूर आणि हरभरा सोडून यवतमाळ' यात सुटलं काय? फक्त हरभरा की दोन्ही?

---

वावरातला_कोडर

बाई, दोन्ही. आमच्याकडे कोणालाही विचारा, दोन्ही.

---

सिंटॅक्स_शास्त्री

बाईंचं निरीक्षण छान आहे, पण प्रत्येक भाषेसाठी व्याकरण फिरवत बसलात तर सांभाळणार कोण? माझं मत स्पष्ट: खिडकीखाली एक ओळ लिहा, 'नको असलेल्या शब्दाआधी वजा चिन्ह द्या'. लोक शिकतात. गूगल शिकलेच ना.

---

अडत्या_वाशीमचा

शास्त्री साहेब, मी ही साइट वापरतो म्हून बोलतो. सकाळी साडेआठले माल उतरून राह्यला असते, एका हातात काट्याची चिठ्ठी, दुसऱ्या हातात फोन. मी टाइप करत नाई. माइक दाबतो अन् बोलतो: 'तूर सोडून बाकी सांग'. आता वजा चिन्ह कसं बोलू? अन् कंस बोलून दाखवा तुमी एकदा.

---

झुणका_भाकर

'उघडा कंस अकोला किंवा वाशीम बंद कंस हरभरा.' लगीन लावून राह्यले वाटते.

---

निशाचर

शास्त्रींशी असहमत. क्रम 'जगभर हाच' नाही, मोठ्या सिस्टीमसुद्धा आपसात भांडतात. गूगलमध्ये 'किंवा' दोन शब्दांना घट्ट पकडतो, साधी स्पेस सैल. एसक्यूलाइट या डेटाबेसच्या एफटीएस-५ या शोधयंत्रणेत उलटं: स्पेसने जोडलेले शब्द सगळ्यात घट्ट, 'नाही'पेक्षाही. लुसीन या शोध-लायब्ररीच्या जुन्या पार्सरमध्ये (वाक्य फोडून अर्थ लावणाऱ्या भागात) तर अग्रक्रम खऱ्या अर्थाने नाहीच, तो प्रत्येक शब्दावर 'हवाच', 'चालेल', 'नकोच' असे शिक्के मारतो, त्यामुळे कंसाविना 'आणि', 'किंवा' मिसळले की लोक चक्रावतात. क्रम आभाळातून पडलेला नाही. वापरणारा काय म्हणतोय त्यावरून तो ठरवायचा.

कोडर भाऊ, तुम्ही प्रॅट पार्सर बघा. व्हॉन प्रॅट, १९७३. त्यात प्रत्येक चिन्हाला एक आकडा देतात, त्याला मी जोर म्हणतो. दोन चिन्हांच्या मधे शब्द सापडला की ज्याचा जोर जास्त तो ओढून नेतो. मागून येणारं चिन्ह त्यात सहज बसतं. बाईंच्या मराठीप्रमाणे जोर असे:

आणि, किंवा: ३०
सोडून, नको, वगळून: २०
नुसती स्पेस किंवा स्वल्पविराम: १०

पुस्तकातल्या क्रमाच्या बरोब्बर उलटं! तिथे नकार सगळ्यात घट्ट, इथे 'आणि' त्याच्यापेक्षा घट्ट. कोड असा:

फोड(किमान):
  डावा = एक शब्द घे; कंस असेल तर आत फोड(०)
  जोवर पुढच्या चिन्हाचा जोर > किमान:
    चिन्ह 'सोडून' असेल तर
      डावा = नकार(डावा)
    नाहीतर
      डावा = जोड(चिन्ह, डावा, फोड(त्या चिन्हाचा जोर))
  डावा परत दे

'अकोला तूर आणि हरभरा सोडून' हातानं चालवून पाहा. अकोला घेतला. पुढे स्पेस, जोर १०, शून्यापेक्षा जास्त, म्हणून उजवी बाजू आणायला फोड(१०). तिथं तूर घेतली. 'आणि' ३०, दहापेक्षा जास्त, म्हणून फोड(३०). त्यात हरभरा घेतला. पुढे 'सोडून' २०, तिसापेक्षा कमी, म्हणून थांबला. आता तूर आणि हरभरा एक जोडी झाली. 'सोडून' २०, दहापेक्षा जास्त, म्हणून अख्ख्या जोडीवर नकार. शेवटी अकोल्याला जोडली. बाईंना हवं होतं तेच.

---

चिखलीच्या_बाई

मी कागदावर चालवून पाहिलं. समजलं! सहावीच्या पोरांना उद्या सांगणार.

---

पाणिनीचा_पणतू

हे सगळं पाणिनीने आधीच केलंय. म्हणूनच संस्कृत ही संगणकासाठी सर्वोत्तम भाषा आहे असं नासाने

---

सिंटॅक्स_शास्त्री

पणतू, वाक्य पूर्ण होण्याआधीच थांबलात ते बरं झालं. नासाने तसं जाहीर केलेलं नाही; १९८५ मध्ये 'एआय मॅगझिन'मध्ये रिक ब्रिग्ज यांचा एक लेख आला होता, त्यावरून ही पतंगबाजी. खरी गोष्ट त्याहून गोड आहे. प्रोग्रामिंग भाषांचं व्याकरण लिहायच्या बॅकस-नॉर पद्धतीला 'पाणिनी-बॅकस पद्धत' म्हणावं असं इंगरमन यांनी १९६७ मध्ये छापील पत्रात सुचवलं होतं. नाव रुळलं नाही, पण सुचवलं होतं.

---

पाणिनीचा_पणतू

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

---

वावरातला_कोडर (बुधवार, रात्री १२:१५)

निशाचर भाऊंचा कोड उतरवला. रात्रीची लाइन होती, पंप चालू करून मोटरघरात बसून लिहिला. झाड मस्त बांधलं जाते. पण एक अजब रोग. शोधात फक्त हरभरा सापडतो. तूर नाही, सोयाबीन नाही, कापूस नाही. हरभरा दर वेळी. सगळ्या डेटात हरभऱ्याचे असे काय लाड?

---

खामगावचा_डीबी

टोकन छापून पाहा.

---

वावरातला_कोडर

छापले. 'सोयाबीन'चे चार तुकडे: स, य, ब, न. 'तूर'चे त आणि र. 'हरभरा'चा मात्र एकच तुकडा: हरभर.

---

खामगावचा_डीबी

धरला चोर. तुकडे पाडायला पायथनच्या साध्या रे मॉड्यूलमधलं 'शब्दातलं अक्षर' हे चिन्ह वापरलं ना तुमी? त्याच्या लेखी काना, मात्रा, वेलांटी, उकार ही अक्षरंच नाहीत. युनिकोडमध्ये ती 'मार्क' या वर्गात येतात, अन् ते चिन्ह फक्त अक्षर, आकडा अन् अंडरस्कोर ओळखते. जिथं मात्रा, तिथं शब्द तुटला. 'हरभरा'त शेवटच्या कान्याशिवाय काहीच नाही, म्हणून तो 'हरभर' राहिला, अन् तुमचा शोध 'या अक्षरांनी सुरू होणारं' असा असंल, म्हणून सापडला.

उपाय: रेजेक्स नावाचं वेगळं मॉड्यूल घ्या, त्यात अक्षर अन् मार्क दोन्ही वर्ग नावानं मागता येतात. किंवा उलटं करा: स्पेस, कंस, स्वल्पविराम, अवतरण सोडून जे काही सलग आहे ते शब्द. मी दुसरं करीन. जोडाक्षरांत लपलेले अदृश्य जोडणारे कॅरेक्टर येतात त्याचीही मग चिंता नको. आधी एनएफसी करून घ्या, म्हणजे युनिकोडमध्ये एकच अक्षर दोन तऱ्हांनी लिहिलेलं असंल तर ते एका रूपात येते. फोनच्या कीबोर्डवरून कधी वाकडी अवतरणं येतात, ती सरळ करा. अन् आकडे: कोणी देवनागरी ३३५ लिहिते, कोणी इंग्रजी, दोन्ही एका रूपात आणा.

---

झुणका_भाकर

सयबन! नवीन वाण आलं राजेहो बाजारात. बियाणं कुठं भेटते?

---

निशाचर

जेएस-३३५ चंही इथेच मिटवा. वजा चिन्ह नकार कधी मानायचं? त्याच्या आधी स्पेस असेल किंवा वाक्य तिथूनच सुरू होत असेल, आणि नंतर लगेच अक्षर असेल तरच. शब्दाच्या मधोमध आलं तर ते शब्दाचाच भाग.

---

वावरातला_कोडर (बुधवार, रात्री १:५०)

सापडली सोयाबीन! जेएस-३३५ पण सापडलं. लाइन जायच्या आत दोन गोष्टी लिहितो.

एक. 'कापूस आणि तूर' अजूनही शून्य. झाड बरोबर आहे, पण एका ओळीत एकच पीक असते, एकाच वेळी कापूसही आणि तूरही असणारी ओळ कुठून येणार?

दोन. आमच्याकडे कापसाला कोणी कपाशी म्हणते, कोणी पऱ्हाटी. म्हणून आधीच्या माणसाने खिडकीतल्या मजकुरातच बदल करून ठेवला होता: 'पऱ्हाटी' दिसलं की तिथं 'कापूस किंवा कपाशी किंवा पऱ्हाटी' चिकटव. ते मी तसंच ठेवलं. आता 'अकोला -पऱ्हाटी' लिहिलं की कापसाचे भाव दिसतात!

---

सिंटॅक्स_शास्त्री

दुसऱ्याचं आधी, कारण यासाठीच तर झाड बांधतात. मजकूर बदलल्यावर वाक्य झालं 'अकोला -कापूस किंवा कपाशी किंवा पऱ्हाटी'. वजा चिकटलं फक्त पहिल्या कापसाला, बाकी दोन मोकळे. तुमच्या 'सोडून'चा जोर सैल असल्याने मराठीत लिहिलेलं कदाचित वाचलं असतं, पण ते नशीब. मजकुराला हात लावू नका. झाड बांधून घ्या, मग झाडाच्या पानावरचा (फांदीच्या टोकाचा) 'पऱ्हाटी' हा शब्द काढून त्याच जागी तीन पानांची 'किंवा' फांदी लावा. कलम करतात ना संत्र्याला, तसं. वरचा नकार जागच्या जागी राहतो आणि अख्ख्या फांदीला लागतो.

पहिल्याचंही उत्तर झाडातच आहे. बोलण्यातला 'आणि' आणि तर्काचं गणित मांडणाऱ्या जॉर्ज बूलचा 'आणि' वेगळे. बूलने १८५४ मध्ये जो लिहिला त्यात दोन्ही अटी एकाच वस्तूला लागू पडायला हव्यात. तुमचा शेतकरी म्हणतो 'कापसाचाही दाखव आणि तुरीचाही दाखव', म्हणजे एकत्र यादी, म्हणजे 'किंवा'. झाड तयार झाल्यावर एक फेरी मारा: 'आणि'च्या खाली दोन्ही पानं एकाच कॉलमची, दोन्ही पिकं किंवा दोन्ही जिल्हे असतील, तर 'आणि'चा 'किंवा' करा.

हे नकाराच्या आत तर केलंच पाहिजे. 'तूर आणि हरभरा सोडून' मधला 'आणि' तसाच ठेवलात तर डी मॉर्गनच्या नियमाने त्याचा अर्थ होतो 'तूर नाही किंवा हरभरा नाही'. तुरीची ओळ हरभरा नाही म्हणून पास, हरभऱ्याची ओळ तूर नाही म्हणून पास. काहीच गळणार नाही. (डी मॉर्गन जन्मले मदुराईत, १८०६. म्हणजे घरचेच.)

आणि हो, वजा चिन्हाचा माझा हट्ट मागे घेतो. अडत्या साहेबांनी कंस बोलून दाखवायला सांगितला तिथेच हरलो होतो.

---

बडनेरा_जंक्शन

मोठेपणा हाय बुवा तुमचा.

---

मूर्तिजापूर_पॅसेंजर

उशिरा आलो, आमच्या त्या जुन्या शकुंतला रेल्वेच्या चालीनं. एक खोडी काढतो. निशाचर यांच्या जोराने हे फोडा: 'वाशीम सोयाबीन किंवा अकोला तूर'. माणसाला दोन जोड्या हव्यात. तुमचा 'किंवा' ३० चा, तो मधले दोन ओढून नेतो, सोयाबीन आणि अकोला. निघतं काय? वाशीम आणि (सोयाबीन किंवा अकोला) आणि तूर. स्पेसला घट्ट केलं तर हे सुटेल, पण मग 'वाशीम सोयाबीन किंवा तूर' बिघडेल. सांगा आता.

---

निशाचर

मान्य. एकच आकडा दोन्हीला पुरत नाही. 'किंवा'च्या दोन्ही बाजूंना एकाच जातीचे शब्द असतील, पीक-पीक किंवा जिल्हा-जिल्हा, तर ३०. जाती वेगळ्या असतील, जसं सोयाबीन किंवा अकोला, तर ५, म्हणजे स्पेसपेक्षाही सैल. पिकांची आणि जिल्ह्यांची यादी तुमच्याकडे आहेच, टोकन पाडतानाच जात लिहून ठेवा. पण खरं सांगू, याला अंत नाही. उद्या कोणी तिसरं वाक्य आणेल.

---

अडत्या_वाशीमचा

मले तुमचे आकडे समजत नाईत. एकच सांगतो. हमाल विचारते, 'मालक, ते पोतं इकडं का तिकडं?' मी काई बोललो की तो उचलायच्या आधी परत म्हणते, 'म्हणजे वाशीमवाल्याचं इकडं, बाकीचं तिकडं, बरोबर?' चुकलं असंल तर मी तिथंच थांबवतो. तुमची साइट काईच परत म्हणत नाई. काय समजली ते सांगत नाई, शून्य म्हणते अन् मोकळी होते.

---

चिखलीच्या_बाई

हे सगळ्यात शहाणं उत्तर आहे या धाग्यात.

---

खामगावचा_डीबी

अडत्या साहेबांना +१. झाडावरून डेटाबेसची अट बनते तशीच मराठी वाक्यही बनवता येते, तेच फिरणं, फक्त शेवटी वेगळा मजकूर. अन् कोडर भाऊ, जाता जाता: अट बनवताना शब्द थेट एसक्यूएलच्या (डेटाबेसच्या भाषेतल्या) मजकुरात चिकटवू नका, क्यू ऑब्जेक्टमधूनच जाऊ द्या. कंसांच्या खोलीलाही हद्द घाला, वीस पुरे. पायथनची रिकर्शनची, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच बोलवायची, हद्द सहसा हजार असते, कोणी टवाळखोराने दोन हजार कंस टाकले की पार्सर कोसळते. अन् 'तूर सोडून' एवढंच लिहिलं तर तारखेची मर्यादा लावा, नाहीतर अख्खं टेबल पडद्यावर येईल. लुसीन अशा नुसत्या नकाराला शून्य निकाल देते, तुमी ते नका करू. अडत्या साहेब तेच बोलतात.

---

वावरातला_कोडर (शनिवार, सकाळी ९:०५)

मंडळी, चालू केलं.

खिडकीखाली आता एक ओळ येते. 'तूर सोडून बाकी सांग' बोललं की 'बाकी', 'सांग', 'भाव', 'दाखव' हे शब्द गाळतो आणि ओळ येते: 'तूर सोडून सगळी पिकं, आजचे भाव'. 'वाशीम सोयाबीन किंवा अकोला तूर' वर येते: 'वाशीमचं सोयाबीन, किंवा अकोल्याची तूर'. त्याच्या बाजूला 'असं नाही' असं बटन. दाबलं की दुसऱ्या जोराने झाड बांधून दुसरा अर्थ दाखवतो. मूर्तिजापूर भाऊ, तुमच्या खोडीमुळे ते बटन आलं.

बंद कंस विसरला तर एरर नाही, वाक्य संपलं तिथं आपणच बंद करतो. नुसता 'किंवा' शेवटी लटकला तर टाकून देतो.

काल बाबांना फोन दिला. त्यांना काही सांगितलं नाही. ते बोलले, 'पऱ्हाटी नको, सोयाबीन काय म्हणते आज कारंज्यात'. 'काय म्हणते' गाळायच्या यादीत नव्हतं, ते पिकाचं नाव समजून शोधायला गेलं. ओळ आली: 'कापूस, कपाशी, पऱ्हाटी सोडून, कारंजा, सोयाबीन, काय, म्हणते'. बाबा चष्मा वर करून पाहत राहिले आणि म्हणाले, 'काय म्हणते, हे काय पीक हाय?' तिथल्या तिथं यादीत टाकलं.

---

झुणका_भाकर

यादीत 'काय म्हणते राजा' पण टाका. वऱ्हाडात त्याशिवाय भाव विचारत नाईत.

---

अडत्या_वाशीमचा

आत्ता माइकवर बोलून पाह्यलं. 'तूर सोडून' बरोबर आलं. कोडर भाऊ, एक राह्यलं. 'कालच्यापेक्षा जास्त' बोललो तर समजते काय?

---

वावरातला_कोडर

नाही समजत अजून. 'पेक्षा' पण मागूनच चिकटते. आज रात्री लाइन कितीला येते पाहतो.